बिनसहीचं कार्ड

आमचे अण्णा भित्रे आहेत, हे आधीच सांगून टाकते. मुलगी असून बापाला नावं ठेवते असं कुणी म्हणू नये. त्यांना स्वतःलाच त्याचं काही वाटत नाही. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. कुणी विचारलं, "तुमच्या कामाला धाडस लागत असेल, नाही?" की ते हात झटकायचे. "धाडसी माणसाला मी मशीनरूमच्या पायरीवरसुद्धा उभा करत नाही. मला भित्रा माणूस द्या. तो तीनदा बघतो."

घरीही तेच. गॅस तीनदा, नळ तीनदा, दाराची कडी तीनदा. आई होती तोवर ती चिडवायची, "अहो, दार आहे ते, लिफ्ट नाही. वर जाणार नाही कुठे." मागच्या वर्षी आई गेली. चिडवणारं माणूसच राहिलं नाही म्हटल्यावर तीनदाचं पाचदा झालं.

आता ते कार्डाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. अण्णांच्या कंपनीत प्रत्येक मशीनरूमच्या, म्हणजे लिफ्टची मोटर असते त्या खोलीच्या, दाराआड एक पुठ्ठ्याचं कार्ड दोऱ्याने टांगलेलं असायचं. तारीख, वेळ, काय उघडलं, काय घातलं, सही. साहेब असो की शिकाऊ, झाकणाला हात लावायच्या आधी कार्डावर लिहायचं. अण्णा पंचविशीत असताना त्यांचा जोडीदार एकदा भर दुपारी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. पाना पडला होता, तो काढायला. दोन मिनिटांच्या कामाला काय लिहायचं, म्हणून त्याने लिहिलं नाही. अण्णा मशीनरूममध्ये आले, कार्ड पाहिलं, कोरं. त्यांनी मेन स्विच वर केला आणि लिफ्ट खाली आली. जोडीदाराचा जीव वाचला, पण एक पाय गुडघ्यापासून गेला. चौकशीत अण्णांकडे कुणी बोटही दाखवलं नाही, कारण कार्ड कोरं होतं. ते मात्र त्यानंतर कोऱ्या कार्डाला जास्तच घाबरायला लागले. आम्ही भावंडं लहान असताना त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली, तीही बोट उगारून. "कार्डावर आहे ते झालं. कार्डावर नाही ते झालं नाही. आणि झालंय पण कार्डावर नाही, असं दिसलं, तर घाबर."

माझा भाऊ माझ्यापेक्षा धाकटा, दुसऱ्या शहरात नोकरीला. आई गेल्यावर अण्णा तासन्‌तास खुर्चीत बसून राहायला लागले, तेव्हा त्याने एक यंत्र आणलं. बाल्कनीच्या दाराशी उभं केलं. माणसाएवढा उंच, पांढरा, पोकळ खांब. खाली चाळीस लिटरची टाकी, टाकीत पंप, आणि खांबाला चहूबाजूंनी चोवीस भोकं. प्रत्येक भोकात जाळीची वाटी आणि वाटीत रोप. माती नाही, कुंडी नाही. मुळं आत अंधारात नुसती हवेत लोंबतात आणि दर चार मिनिटांनी पंप सुरू होऊन त्यांच्यावर धुक्यासारखे तुषार उडवतो. पाणीही त्यातूनच आणि खाणंही त्यातूनच.

मी म्हटलं, "हा पांढरा हत्ती कोण पोसणार?"

"अण्णा," भाऊ म्हणाला. "ताई, तू फक्त हात लावू नकोस म्हणजे झालं."

"अरे जा. मी कशाला लावते?" मी म्हटलं. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, घरी येऊन स्वयंपाक करायचा, त्यात आणखी हत्तीची मुळं कोण बघत बसणार?

पण अण्णांनी त्या यंत्राला जीव लावला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पुठ्ठा कापला, भोक पाडलं, दोरा ओवला आणि खांबाच्या बाजूला कार्ड टांगलं. मला हसू आलं. पण बरंही वाटलं, कारण कार्ड लिहिणारा माणूस उद्याचा विचार करत असतो. दर तिसऱ्या दिवशी पाण्याची पातळी बघायची, कमी झालं असेल तेवढं भरायचं, पाण्यातलं खत मोजणारं मीटर बुडवून आकडा बघायचा, आणि आकडा उतरला असेल तर खत घालायचं. खत दोन बाटल्यांत यायचं. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावून 'अ' आणि 'ब' लिहिलं होतं. आधी 'अ' टाकीत ओतायचं, चांगलं ढवळायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग 'ब'. दोन्ही पाण्यातच भेटले पाहिजेत. बाटलीतलं घट्ट खत एकमेकांत कधीही मिसळायचं नाही, असं माहितीपुस्तकात होतं, आणि अण्णांनी त्याखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. दर वेळी ओतून झालं की बाटलीवर पेन्सिलीने उरलेल्या खताची खूण. मग कार्डावर सही.

पालक आला, पुदिना आला, सॅलडची कुरकुरीत पानं आली, वरच्या ओळीत स्ट्रॉबेरी धरली. अण्णा झाकण उचलून मला मुळं दाखवायचे. पांढरीशुभ्र, कापसाच्या तंतूंसारखी. "बघ, सगळं टांगलेलं आहे," ते म्हणायचे. "खाली आधार काही नाही. पंप थांबला की चार-सहा तासांत खलास. आमच्या लिफ्टला निदान ब्रेक तरी असतो."

त्याच सुमारास ते विसरायला लागले. फार नाही. एकदा दुधाचं पातेलं गॅसवर जळालं. एकदा खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना त्यांनी आईच्या नावाने हाक मारली आणि नंतर कितीतरी वेळ लाजून घरातच बसले. एकदा त्यांनी मला फोन करून विचारलं, आज वार कोणता. वार सांगितला, तरी फोन ठेवेनात. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. मला वाटलं होतं तोच आहे, पण खात्री करून घेतली." मी हसून फोन ठेवला. माझ्या आजोबांना, म्हणजे अण्णांच्या वडिलांना शेवटी घरची माणसंही आठवेनाशी झाली होती, हे अण्णांना माहीत होतं आणि मलाही. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे.

तर तो गुरुवार. माझ्याकडे अण्णांच्या घराची किल्ली असते. दुकानातून दुपारी थोडी लवकर सुटले होते, म्हणून भाजीची पिशवी ठेवायला गेले. अण्णा वाचनालयात गेले होते, ते रोज जातात. कार्डावर सहज नजर गेली. 'गुरुवार, खत' असं त्यांनी आदल्याच वेळी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. बाटल्या शेजारी उभ्या, अर्ध्या भरलेल्या. आणि माझ्या डोक्यात आलं की यांच्या हातून कधीतरी अ आणि ब यांची गल्लत होणार. आधी कोणती, मग कोणती, मध्ये किती वेळ थांबायचं, एवढं सगळं यांनी लक्षात तरी का ठेवायचं? आपण दोन्ही एकाच बाटलीत करून ठेवू. म्हणजे लक्षात ठेवायला एकच गोष्ट. दुकानात आम्ही तेच करतो, दोन शिवणी एका फेरीत काढतो, वेळ वाचतो. ते माहितीपुस्तक, त्या लाल रेघा, काही म्हणजे काही आठवलं नाही मला. खरं सांगायचं तर मी ते कधी वाचलंच नव्हतं. अण्णा सांगायचे तेव्हा हो हो म्हणायचे.

पाण्याचा उंच जग घेतला. 'ब' सगळं ओतलं, त्यात 'अ' सगळं ओतलं. ढवळायला जवळ काही सापडेना, म्हणून फळीवर अण्णांची हत्यारांची चामडी पिशवी होती त्यातला लाल मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. ढवळलं तसं ते पांढरं झालं, नासलेल्या दुधासारखं. मला वाटलं, असंच होत असेल. निम्मं टाकीत ओतलं, निम्मं सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवलं. जग धुतला. स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसल्यासारखा केला आणि जागेवर ठेवला. तेवढ्यात दुकानातून फोन. एका गिऱ्हाइकाचा कोट दुसऱ्याला गेला होता आणि तिथे आरडाओरडा चालला होता. मी धावले. म्हटलं, संध्याकाळी सांगू. आणि संध्याकाळी विसरले. बघा, विसरले मी!

कार्डावर सही केली नव्हती, हे वेगळं सांगायला नकोच.

शनिवारी भाऊ आला. महिन्यातून एकदा येतो. आम्ही जेवायला बसलो, पण अण्णा जेवेनात. चेहरा पांढराफटक. भावाची नजर बाल्कनीकडे गेली आणि तो उठलाच. पालक मान टाकून पडला होता. स्ट्रॉबेरीची पानं कडेने काळी पडली होती. झाकण उचललं तर आत कोरडं. पंप घरघरत होता, पण तुषार येत नव्हते, ते उडवणारी सगळी नोझल पांढऱ्या खड्यांनी बुजली होती. टाकीच्या तळाशी चुन्यासारखा गाळ बसला होता.

"अण्णा, हे काय केलंत? दोन्ही खतं एकत्र ओतलीत की काय?" भावाने विचारलं.

तेव्हा मला कळलं. हातातला घास मी ताटात परत ठेवला.

अण्णा म्हणाले, "केलं असणार."

"असणार म्हणजे?"

"गुरुवारी मी वाचनालयातून आलो तर बाटल्या रिकाम्या. कार्ड कोरं. मला काही आठवत नाही. ओतल्याचं आठवत नाही, सही न केल्याचंही आठवत नाही." ते खांबाकडे बघत नव्हते, आमच्याकडेही नाही. "अडतीस वर्षांत मी एकदाही सही सोडली नाही."

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, तू तर नाही ना काही हात लावलास?"

तो चिडलेला नव्हता. साधं विचारलं त्याने. एक शब्द बोलायचा होता मला. पण त्याच महिन्यात त्याने मला दोनदा ऐकवलं होतं की तुला दुकानातून अण्णांकडे लक्ष द्यायला वेळ होत नाही, मी त्यांना माझ्याकडे नेतो. मला वाटलं, आता कबूल केलं की झालंच, म्हणेल बघ, तुझ्यावर सोपवलं आणि तू हे केलंस. आणि अण्णा माझ्याकडे कसे बघतील याची भीती वाटली. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आणि मला माझ्या बापाच्या नजरेची भीती वाटली.

"मी?" मी म्हटलं. "मी कधी त्या हत्तीला हात लावलाय?"

निघताना मी सिंकखालची सरबताची बाटली पिशवीत घातली आणि दुकानाजवळच्या कचरापेटीत टाकून दिली.

त्यानंतरचे आठ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. अण्णांना भीतीने नुसतं पोखरून काढलं. वाचनालय बंद. गॅस पेटवणं बंद, थंड दूध प्यायचे. घरभर कार्डं लटकली. गॅसला एक, नळाला एक, गोळ्यांच्या डबीला एक, दाराच्या आतल्या बाजूला एक. गोळी घेतली की सही, दार लावलं की सही. एकदा मी गेले तर ते दारात पेन घेऊन उभे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "सही केलीय, पण दार लावल्याचं आठवत नाही. आधी सही केली असेन का?" दार लावलेलंच होतं. मी बेल वाजवल्यावर त्यांनीच तर आतून कडी काढली होती!

आणि ते यंत्र. नोझल काढून साफ करणं हे अण्णांना डाव्या हाताचं काम. अख्ख्या लिफ्टचा गिअर ज्याने उघडून पुन्हा बसवला, त्याला सहा नोझल काय जड? पण ते हत्यारांच्या पिशवीला हात लावेनात. मी म्हटलं, उघडा ना. तर म्हणाले, "उघडीन. पण परत लावलं की नाही हे मला कोण सांगणार?" त्याऐवजी त्यांनी इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली आणि एक स्टूल. खांबापाशी बसायचे. गजर लावलेला. दर दहा मिनिटांनी गजर वाजला की झाकण उचलायचं, मुळांवर हाताने पाणी मारायचं, झाकण ठेवायचं, कार्डावर रेघ ओढायची. दिवसभर. झोपायला जायच्या आधी मुळांभोवती ओली फडकी गुंडाळायची. चोवीसपैकी सतरा रोपं गेली. सात जगली, ती नुसत्या या हाताने मारलेल्या पाण्यावर. त्यांचा अंगठा सुजला होता.

मी रोज जायचे. रोज सांगायचं ठरवायचे. दारापर्यंत धीर असायचा, आत गेले की पार पाचावर धारण बसायची. एक दिवस खोटं लपवलं की दुसऱ्या दिवशी ते दुप्पट होतं, तिसऱ्या दिवशी त्याला हात लावायचीही भीती वाटते. बुधवारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. अण्णांना घाम फुटला होता. घड्याळ नीट काढलं, पण तारीख चुकवली. बाई म्हणाल्या, "काळजी करण्यासारखं आज तरी फारसं दिसत नाही, हे घाबरलेत जास्त. तीन महिन्यांनी परत बघू." अण्णांनी मान हलवली आणि बाईंना समजावून सांगितलं, अगदी शिकाऊ पोराला सांगावं तसं. "तुम्ही परीक्षा घेतलीत, ठीक आहे. पण कार्ड कोरं होतं, बाई. कार्ड खोटं बोलत नाही."

मी तिथे शेजारच्या खुर्चीत बसले होते. पर्स मांडीवर घट्ट धरून.

त्या संध्याकाळी अण्णांनी स्वतःच भावाला फोन केला. "रविवारी ये आणि मला घेऊन जा," म्हणाले. "हे घर बंद कर. मी एकटा राहायच्या लायकीचा नाही उरलो." भाऊ फोनवर रडला, हे त्याने मला नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा बॅग भरून दाराशी ठेवलेली. बॅगेलाही कार्ड. भाऊ अकरापर्यंत पोचणार होता. अण्णा स्टुलावर, पाण्याची बाटली हातात. मी चप्पलसुद्धा काढली नाही. काढली असती तर धीर गेला असता.

"अण्णा, ते मी केलं. खत मी ओतलं. दोन्ही एकत्र मी केलं. तुम्ही नाही."

मी रडत होते, नाक वाहत होतं, आणि मी तेच तेच बोलत होते. मग ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, पण ते सुटल्याचं हसू नव्हतं.

"तुझी आई असंच करायची," ते म्हणाले. "दूध माझ्या हातून उतू जायचं आणि ती म्हणायची, माझंच लक्ष नव्हतं. वेडी. तूही तिच्यावर गेलीस. पण नको, पोरी. तू त्या दिवशी विचारल्यावर नाही म्हणालीस."

"खोटं बोलले मी!"

"आत्ता बोलतेस ते खोटं. मी जाऊ नये म्हणून."

अरे देवा, आता काय करू मी? बाटली मीच फेकून दिलेली. जग मीच धुतलेला. खरं सांगायला आले तर खरं दाखवायला हातात काही नाही. मी ओरडलेच, "अण्णा, शपथ घेऊन सांगते!" तर ते म्हणाले, शपथ नको घेऊस, आणि गजर वाजला म्हणून त्यांनी झाकण उचलून मुळांवर पाणी मारलं. मारता मारता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं. कंपनीत चौकशीला बसायचे तेव्हाच्या आवाजात.

"कोणती आधी ओतलीस?"

"ब."

"कशात?"

"जगमध्ये. त्या उंच."

"ढवळलंस कशाने?"

"तुमच्या स्क्रूड्रायव्हरने. लाल मुठीच्या. लांब."

हातातली बाटली तशीच राहिली. पाणी ठिबकत होतं त्यांच्या पायावर. मग ते उठले, फळीवरून चामडी पिशवी काढली, सगळ्यात आतल्या कप्प्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. तोच स्क्रूड्रायव्हर. टोकापासून अर्ध्यापर्यंत पांढरा थर वाळून बसलेला, आणि मुठीजवळ तांबडा गंज.

"शुक्रवारी सापडला मला," ते म्हणाले. "मी हत्यार कधी ओलं ठेवलं नाही, जन्मात नाही. हा पाहिला आणि मी समजलो की मी गेलो. हातांनाही आठवत नाही म्हणजे गेलोच. हे मी कुणाला दाखवलं नाही. त्याला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. रोज उघडून बघायचो आणि परत गुंडाळून ठेवायचो."

"मी पुसला होता," मी म्हटलं. काय मूर्ख बोलणं!

"हा असा?" ते ओरडले. "हे पुसणं?" आणि मग त्यांनी मला जे झाडलं ते मी लहानपणीही कधी ऐकलं नव्हतं. दहा दिवस, म्हणाले. दहा दिवस मी माझ्याच हातांना घाबरलो. माझं घर मी स्वतःच्या तोंडाने बंद कर म्हणालो. तू रोज येत होतीस, समोर बसत होतीस, चहा करून देत होतीस. कसा गेला तुझ्या घशाखाली? मी उभी राहिले. खालच्या नर्सबाईंनी वर येऊन बेल वाजवली, सगळं ठीक आहे ना म्हणून. अण्णा दारात जाऊन म्हणाले, "ठीक आहे. मुलीला रागावतोय." आणि परत येऊन पुन्हा रागावले.

दमल्यावर ते स्टुलावर बसले. "कार्ड आण."

मी खांबावरचं कार्ड सोडून आणलं. गुरुवारच्या समोर रकाना कोराच होता. मी तिथे पेन टेकवलं तर त्यांनी माझा हात धरला. "मागच्या तारखेला सही करणाऱ्याला आमच्यात घरी बसवायचे. आजची ओळ घे. आजची तारीख घाल."

मी लिहिलं, 'गेल्या आठवड्यात गुरुवारी अ आणि ब एकत्र ओतलं.' सही करायला गेले.

"पुढचं."

'सांगितलं नाही.'

"पुढचं लिही."

'विचारल्यावर खोटं बोलले.' अक्षर वाकडंतिकडं आलं. सही केली. त्यांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं आणि कार्ड मांडीवर ठेवलं.

"राग जाईल माझा," ते म्हणाले. "आज नाही जाणार. पण एक ऐकून ठेव, कारण हे मला परत परत सांगता येईल की नाही, माहीत नाही. माझ्या बापाचं झालं ते माझंही होणार असेल कधीतरी. एक दिवस ते खरंच मी केलेलं असेल, आणि मला आठवणार नाही. तेव्हा मी तुला विचारीन, हे मी केलं का? तू हो म्हणालीस तर मला ते खरं वाटलं पाहिजे. नाही म्हणालीस तरी खरं वाटलं पाहिजे. माझ्याकडे दुसरं कुणी नाही विचारायला. मग मी कुणाला विचारू, तूच सांग?"

मी त्यांच्या गुडघ्याला धरून खाली बसले. आजवर मला वाटत होतं की मी त्यांच्या विसरण्याला घाबरते. आता कळलं की ते विसरायला लागतील तेव्हा मी काय सांगेन, याला घाबरायला हवं होतं.

गजर वाजला. अण्णांनी सात रोपांवर पाणी मारलं. मग गजर बंद केला. पंपाची पिन काढली, स्क्रूड्रायव्हर फडक्याने घासून घासून लखलखीत केला, आणि कार्डावर माझ्या ओळीखाली लिहिलं. वेळ, 'नोझल उघडली', सही. पहिला स्क्रू सैल व्हायला वेळ लागला.

तेवढ्यात बेल वाजली. भाऊ आला होता.

"जा, उघड," अण्णा स्क्रूवरून नजर न काढता म्हणाले. "आणि त्याला तू सांग. मी नाही सांगणार."

मी कार्ड हातात घेतलं आणि दाराकडे गेले.